ब्राझीलवाल्याची चौकशी

माझा मेहुणा नट आहे. हे सांगितलं की समोरचा माणूस विचारतो, "कशात बघितलंय आम्ही त्याला?" आणि मी अडचणीत येतो. कारण खरं उत्तर असं आहे, की एका मालिकेत त्याचा चेहरा आहे पण आवाज नाही, आणि दुसरीत त्याचा आवाज आहे पण चेहरा ब्राझीलमधल्या माणसाचा आहे. दोन्ही मिळून एक पूर्ण नट होतो, असं माझी बायको म्हणते. मी मोजणी खात्यात आहे. दोन वेगळ्या गटांतले तुकडे कागदावर जोडून एक शेत होत नाही, हे मला रोज कुणाला ना कुणाला समजावून सांगावं लागतं. बायकोला मी ते सांगायला गेलेलो नाही.

तिचं माहेर तेरजवळचं. सासू-सासरे गेल्यापासून मेहुण्याचा वडीलधारा मीच. त्याचं रंगभूमीवरचं पहिलं पाऊल मी स्वतः पाहिलं, आणि दुसरं कुठं पडलं तेही. गावच्या जत्रेत नाटक होतं. स्टेज म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या शेजारी शेजारी लावून वर फळ्या आणि सतरंजी. दोन ट्रॉल्यांच्या मध्ये फट राहिली होती. ती हातभर आहे, बुजवून घ्या, असं मी मंडळाच्या पोरांना दुपारीच सांगितलं होतं. त्यांनी तिच्यावर सतरंजी ओढली आणि फट बुजली असं समजून ते जेवायला गेले. मेहुणा हवालदार झाला होता. पाटलाला अटक करायला तो रुबाबात पुढं आला आणि कमरेपर्यंत खाली गेला. मग उरलेलाही गेला. पण तो ओरडला नाही की थांबला नाही. ट्रॉलीखालूनच त्यानं आपलं सगळं भाषण पूर्ण केलं आणि पाटलाला अटक केली. पाटील बिचारा वरून सतरंजीकडं बघत बेडीसाठी दोन्ही हात पुढं करून उभा राहिला. मी सगळ्यात मागं होतो. वरच्या मंडळींचं निम्मं बोलणं माझ्यापर्यंत पोचत नव्हतं, खालच्या हवालदाराचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. त्याच्या कारकिर्दीची दिशा खरं तर त्या दिवशीच ठरली होती, फक्त आमच्या लक्षात आलं नाही.

पुढं तो पुण्याला गेला. एकांकिका केल्या, नाटकांत सामान हलवलं, दोन-तीन सिनेमांत दिसला. दिसला हा शब्द मी जपून वापरतोय. एका सिनेमात तो लग्नाच्या पंगतीत जेवतो. आम्ही सगळं घर सोलापूरला जाऊन तो सिनेमा बघून आलो. बायकोनं त्याला लगेच ओळखलं. मला मठ्ठ्याचा ग्लास उचलणारा हात दिसला. ग्लासामागं कोण होतं, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही.

मग त्याला ती पहिली मालिका मिळाली. मालिकेची नायिका विधवा होती, आणि तिच्या दिवाणखान्यात लावायला मेलेल्या नवऱ्याचा फोटो हवा होता. मेहुण्याकडं एकच चांगला फोटो होता. धाराशिवच्या एका स्टुडिओत काढलेला, निळा शर्ट, थोडं हसू, मान किंचित डावीकडं. तो त्यांनी मोठा करून घेतला, चंदनाचा हार घातला आणि भिंतीवर लावला. दोन वर्षं ती बाई रोज संध्याकाळी त्याच्यासमोर उभी राहून रडत होती. घरातलं काही बिनसलं की सासू फोटोकडं बघायची, दीर फोटोकडं बघून शपथा घ्यायचा, आणि शेवटी उदबत्तीच्या धुरात मेहुण्याचं हसू दाखवून भाग संपायचा. माझ्या अंदाजानं त्या मालिकेत सगळ्यात जास्त वेळ पडद्यावर तोच होता. पहिल्या दिवशी तो हार बघून बायको रडली, आणि त्याच संध्याकाळी तिनं गल्लीत पेढे वाटले. पेढे घेणाऱ्यांना काय बोलावं ते सुचेना.

त्यानंतर ब्राझीलवाला आला. मोबाईलवर परदेशी मालिका मराठीत करून दाखवतात, त्यातल्या एका ब्राझीलच्या मालिकेतल्या जमीनदाराला मेहुणा आवाज देतो. कॉफीचे मळे, गुरंढोरं, पांढरी मिशी, मोठी टोपी असा तो माणूस आहे. मेहुण्यानं मला एकदा पुण्यात ते काम दाखवलं. गादीसारख्या भिंतींची खोली, समोर पडदा. ब्राझीलवाल्याचे ओठ हलायला लागले की आपण बोलायचं, थांबले की थांबायचं. अडचण अशी, की त्यांचं वाक्य लांब असतं आणि आपलं त्याआधी संपतं. ओठ हलत राहतात आणि आपल्याकडं शब्द उरत नाहीत. म्हणून मेहुणा वाक्याच्या सुरुवातीला "हे बघ" घालतो. ओठ फारच हलत असतील तर शेवटीही घालतो. त्यामुळं आमच्याकडं तो ब्राझीलवाला उठता बसता "हे बघ" म्हणतो. ब्राझीलमध्ये तो काय म्हणतो, कुणाला ठाऊक.

मेहुणा चौतीस वर्षांचा झाला तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. आलेली स्थळं नट हा शब्द ऐकून परत जायची. त्यातली दोन माझ्यामुळं गेली असं बायकोचं म्हणणं आहे. नोकरी कायमची आहे का, असं विचारलं गेलं आणि मी नाही म्हणालो. बायकोच्या मते "सध्या चांगलं चाललंय" हेही तितकंच खरं होतं आणि ते सांगता आलं असतं. असू शकेल. पण विचारलं होतं ते कायमचं आहे का, असंच.

मागच्या दिवाळीत तो आला तेव्हा नळदुर्गच्या एका मुलीचं स्थळ आलं होतं. मुलगी संगणकाचे वर्ग घेते, वडिलांचं हायवेवर टायरचं दुकान. दोघं फोनवर तीन-चारदा बोलले होते, आणि मेहुणा फोन झाल्यावर विनाकारण अंगण झाडत होता. मी जेवायला बसलो तेव्हा तो हळूच म्हणाला, "दाजी, हे जमलं तर बघा. नाहीतर मी हा विषय बंद करतो. परत परत स्वतःला दाखवायला नको वाटतं." नटानं असं म्हणावं, याचं मला वाईट वाटलं.

बायकोनं त्याची माहिती टाईप करून घेतली आणि कपाटातला त्याचा सगळ्यात चांगला फोटो लावून नळदुर्गला पाठवली. निळा शर्ट, थोडं हसू, मान किंचित डावीकडं. आमच्या कुणाच्याच डोक्यात काही आलं नाही. हार घातलेला फोटो मालिकेचा आणि बिनहाराचा आपला, अशी वाटणी आमच्या घरात इतकी पक्की झाली होती की दोन्ही फोटो एकच आहेत, हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

दोन दिवसांनी मुलीच्या वडिलांचा फोन आला. माणूस मोकळा, आवाज हायवेवरचा. म्हणाले, पाव्हणं, जरा अडचण झालीय. त्यांच्या आईनं, म्हणजे मुलीच्या आजीनं, फोटो हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला. हा तर मेलेला हाय, असं ती म्हणाली. दोन वर्षं रोज संध्याकाळी तिनं त्याला हारासकट पाहिलं होतं. तो नट आहे, जिवंत आहे, पुण्यात राहतो, हे सगळ्यांनी सांगून झालं. तिला तेही पटत होतं. पण ज्याच्या नावानं आपण दोन वर्षं डोळे पुसले त्याला नात कशी द्यायची, एवढं एकच तिचं म्हणणं होतं.

"आईचं बघू आपण," मुलीचे वडील म्हणाले, "पण मला आधी तुमच्याशी बोलायचंय. म्या येतो धाराशिवला."

ते आले. बसस्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही चहा घेतला. आमच्या भागात स्थळाची चौकशी नुसती मुलाची होत नाही. मामाचं घर कसं आहे, शेत रस्त्याला लागून आहे का, विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं का, हे सगळं बघतात. मुलगा कारखान्यात असेल तर कारखाना चालतो का, तेही जाऊन बघून येतात. त्यामुळं त्यांनी पुढं जे विचारलं ते त्या चौकशीला धरूनच होतं.

मी त्यांना कामाची सगळी पद्धत समजावून सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतलं. बशीतला चहा संपवून म्हणाले, "म्हंजी तो ब्राझीलवाला हाय तवर आपला जावई हाय."

मी म्हणालो, सध्या मुख्य काम तेच आहे. त्याच नटाच्या आणखी दोन मालिका मराठीत करायचं ठरलंय, आणि एका नटाला एकच आवाज ठेवतात, म्हणून त्याही मेहुण्याकडंच येतील.

"मंग चौकशी त्याची केली पाहिजे."

"कुणाची?"

"ब्राझीलवाल्याची. वय काय, तब्येत कशी, पितो का, आजून किती वर्सं काम करंल. टायर वरनं चकचकीत दिसतंय, पर घासलंय किती ते आमी हात लावून बघतो."

ब्राझीलला जाऊन हात लावणं दोघांनाही शक्य नव्हतं. मी म्हणालो, जेवढं कळेल तेवढं काढतो. ते म्हणाले, तुमी मोजणीवाले, तुमच्यावर इस्वास हाय. आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

मी पुढचे काही दिवस ऑफिस सुटल्यावर मोबाईल घेऊन बसत होतो. ब्राझीलची भाषा पोर्तुगीज, आणि मोबाईल ती जमेल तशी मराठीत करून दाखवतो. मराठी कच्ची होती, पण आकडे सगळीकडं सारखेच असतात, असं मी समजत होतो. तसं नव्हतं. वय एका ठिकाणी चौसष्ट होतं, दुसऱ्या ठिकाणी एकसष्ट, आणि तिसऱ्या ठिकाणी अठ्ठावन्न. हे तिसरं त्यानं स्वतः सांगितलेलं होतं. शेताच्या बाबतीत मालकानं सांगितलेला आकडा मी सगळ्यात शेवटी धरतो. इथंही तसंच केलं.

बाकीचं वाचताना मात्र मला कामाचा विसर पडला. तो एका लहान गावातल्या पाव करणाऱ्याचा मुलगा. गावातल्या चर्चच्या सणाला नाटक व्हायचं, त्यात त्यानं पहिल्यांदा काम केलं, मेंढपाळाचं. मग मोठ्या शहरात गेला. वीस वर्षं नाटकात पडेल ते काम केलं, पडदे ओढले, दुसऱ्याचे संवाद पाठ करून ठेवले, तो आजारी पडेल म्हणून. सिनेमात पहिल्यांदा आला तो वेटर म्हणून. एका कार्यक्रमात त्याला विचारलं होतं, इतकी वर्षं कसं काढलंत. त्यानं सांगितलं, मी मेंढपाळ असतानाही मागच्या ओळीपर्यंत ऐकू जात होतं, एवढं मला माहीत होतं. हे वाचून मी मोबाईल बाजूला ठेवला आणि बराच वेळ त्या दोन ट्रॉल्यांचा विचार करत बसलो. बायकोनं विचारलं, काय झालं. मी म्हणालो, तुझ्या भावाचं काही चुकलेलं नाही. ती म्हणाली, हे कळायला ब्राझीलला जावं लागलं का तुम्हाला.

अडचणीच्या गोष्टीही सापडल्या. त्याची तीन लग्नं झालेली होती. आणि मालिकेचा शेवटही कळला, कारण ब्राझीलमध्ये ती केव्हाच संपली होती. शेवटच्या भागात जमीनदार मरतो. मी मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, हो दाजी, मागच्याच आठवड्यात मेलो. पाऊण दिवस लागला. पण कुणाला बोलू नका, शेवट सांगायचा नाही म्हणून सही करून घेतलीय माझी. बायकोला मात्र मी सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. मुलगा एका मालिकेत मेलेला, दुसरीत मरणार, आणि जिच्या शब्दावर लग्न अडलंय ती आजी दोन्ही मालिका बघते. हो, दुसरीही. मुलीनं फोनवर मेहुण्याला सांगितलं होतं, की आजी नातवंडांकडून मोबाईल लावून घेते आणि तो टोपीवाला तिला फार आवडतो. आवाज कुणाचा आहे ते मुलीनं तिला मुद्दाम सांगितलं नव्हतं. सांगितलं तर ती तेही बघणं बंद करेल, अशी तिला भीती होती.

मुलगी बघायच्या कार्यक्रमाला आम्ही एसटीनं नळदुर्गला निघालो. मेहुणा पुढच्या सीटवर, मी आणि बायको मागं. बायको मला एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगत होती, की विचारतील तेवढंच सांगा. मी म्हणालो, मी नेहमी तेवढंच सांगतो. ती म्हणाली, तेच तर.

घर दुकानाच्या मागंच होतं. ओट्यावर टायरांची उतरंड, आत स्वच्छ बैठक. कोपऱ्यातल्या पलंगावर आजी बसली होती, पदर नाकापर्यंत ओढून, भिंतीकडं तोंड करून. आम्ही पाया पडलो. मेहुणा वाकला तेव्हा तिनं पाय आत घेतले. मुलीचे वडील हसून म्हणाले, मनाला लावून घेऊ नका. मेहुण्यानं मान हलवली आणि तो पोह्यांच्या बशीकडं बघत बसला. पोहे त्यानं खाल्ले नाहीत.

मुलगी आली, बसली. नेहमीचं बोलणं झालं. मग मुलीच्या वडिलांनी मांडी बदलली आणि बैठकीला सांगितलं, की आता पाव्हणं ब्राझीलवाल्याची चौकशी सांगतील.

मी सांगायला सुरुवात केली. वय तीन प्रकारचं मिळालंय, त्यातलं चौसष्ट धरावं. तब्येत चांगली, रोज पोहतो. सिगारेट सोडली आहे. पितो का, हे सांगता येणार नाही. मालिकेत पितो, पण ते पाणी असू शकतं. सध्या नाटकाचे दौरे चालू आहेत, त्यावरून दम चांगला असावा. वडील पाव करायचे. सगळे इतक्या गंभीरपणे ऐकत होते की मलाच तो मुलाचा थोरला चुलता वाटायला लागला. मुलीच्या काकांनी विचारलं, घरची शेती किती. मी म्हणालो, तिचा उल्लेख सापडला नाही, मळे आहेत ते मालिकेतले.

"लगीन?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "तीन."

बाहेर दुकानासमोर एक ट्रक थांबल्याचा आवाज आला.

"एका वेळी एकच," मी म्हणालो.

बायकोनं डोळे मिटून घेतले. मुलीचे वडील म्हणाले, आसू द्या, आवाजाला त्याचं काय. पण काका म्हणाले, संगतीचा परिणाम व्हतोच की थोडाफार. आता हे कसं सावरावं ते मला कळेना. तेवढ्यात मुलगीच बोलली. तिनं सरळ मेहुण्याकडं बघून विचारलं, "दिवसभर तुम्ही त्या जमीनदाराचं बोलता. घरी आल्यावर कुणाचं बोलता?"

मेहुणा पहिल्यांदा हसला. फोटोतल्यासारखंच, मान किंचित डावीकडं. म्हणाला, "हे बघा, दिवसभर दुसऱ्याच्या तोंडानं बोलल्यावर घरी कुणाचं तरी नुसतं ऐकत बसावं वाटतं. आता ऐकवायला घरी कुणी नाही, एवढंच. हे बघा, मी काही..."

पलंग करकरला. आजीनं तोंड वळवलं होतं. पदर कपाळावर गेला होता आणि ती मेहुण्याकडं एकटक बघत होती.

"परत बोल," ती म्हणाली.

"काय बोलू, आजी?"

"ते. हे बघ म्हण."

मेहुण्यानं आधी मुलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग घसा साफ केला, पाठ ताठ केली आणि तो खोलीभर भरेल अशा आवाजात म्हणाला, "हे बघ, हा मळा माझ्या बापानं लावला. माझ्या डोळ्यादेखत इथलं एक झाड कुणी तोडणार नाही, हे बघ."

निळ्या शर्टातल्या पोराच्या तोंडून पांढऱ्या मिशीचा माणूस बोलला. आजीनं दोन्ही हातांनी पदर नीट केला, जसा थोर माणूस घरात आल्यावर करतात. मग तिला आणखी काही आठवलं आणि तिचा चेहरा बदलला.

"त्या धाकट्या लेकीला घराभाईर कशापायी काढलंस रं?"

मेहुणा गडबडला. "आजी, ते... त्यांनी काढलं. मी फक्त..."

"बोलला तूच की. माज्या कानानं ऐकलंय म्या. लेकरू पोटात असताना काढलंस, पाऊस लागलेला."

"चुकलं," मेहुणा म्हणाला.

"पुढं आणतोस का तिला?"

"आणतो. पुढच्या महिन्यात."

हे सांगायला नको होतं, सही केलेली होती. पण आजीचं समाधान झालं. ती पलंगावरून पाय खाली सोडून बसली आणि आता सगळं जमणार असं मला वाटलं. बायकोनं तर पोह्यांची बशी मेहुण्याच्या हातात दिली. तेवढ्यात आजीनं विचारलं, "आन् शेवटी काय? शेवटी मरतोस का तू?"

मेहुण्याचा घास हातात राहिला. तो म्हणाला, आजी, शेवट सांगता येत नाही, माझी सही आहे. आजीनं मान हलवली. सहीचं तिला कळत होतं. तिनं माझ्याकडं बोट केलं.

"तुमी सांगा. तुमची न्हाय ना सही?"

माझी नव्हती. खोलीतले सगळे माझ्याकडं बघत होते. बायको बघत नव्हती. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती. मेहुण्यानं बशी खाली ठेवली आणि मान खाली घातली. मला त्याचं ते "परत परत स्वतःला दाखवायला नको वाटतं" आठवलं. एकच शब्द हवा होता. न्हाय. म्हटला असता तर तो मालिका संपेपर्यंत टिकला असता, आणि मालिका संपायच्या आत लग्न झालं असतं. पण म्हातारीनं मला मोजणीवाला म्हणून विचारलं होतं.

"मरतो, आजी," मी म्हणालो.

काकांनी च्च केलं. मुलीचे वडील काही बोलायला लागले, पण मी थांबलो नाही, कारण चौकशी अजून पुरी झाली नव्हती. "पण एकदाच नाही. मी त्याची सगळी कामं वरपासून खालपर्यंत बघितलीत. तो मेंढपाळ असताना बर्फात मेला. सिनेमात वेटर होता तेव्हा गोळी लागून मेला. राजा होऊन मेला, भटजीसारखं काम होतं त्यातही मेला. ही मालिका तिकडं केव्हाच संपली. तिच्यात मेल्यावर त्यानं दुसरी मालिका केली, तिच्यातही मेला. आणि आता या घडीला तो नाटकाच्या दौऱ्यावर आहे. मेल्याशिवाय त्या लोकांना मोठं काम मिळत नाही, असं मला दिसतंय. आणि प्रत्येक वेळी हाच त्याच्या तोंडानं बोलणार आहे."

आजी विचार करत होती. "म्हंजी मरतो, आन् परत येतो."

"दर वेळी."

"चुकत न्हाय?"

"आतापर्यंत तरी नाही."

ती मेहुण्याकडं बघून म्हणाली, "आमच्या ह्यांनला न्हाय जमलं ते."

मुलीच्या वडिलांनी मान दुसरीकडं वळवली. आजीनं डोळ्यांना पदर लावला, नाक पुसलं, आणि सुनेला हाक मारून म्हणाली, "पोराचा चहा गार झालाय, दुसरा ठिव. आन् पोहं खाल्लं न्हाईत त्यानं, तिकाट झाल्यात का बघ." मुलीच्या वडिलांनी विचारलं, आई, मग? ती म्हणाली, मग काय, तुमी नारळ आणायचा सोडून माझ्या तोंडाकडं काय बघताय.

मुलगी उठून आत गेली. मेहुण्यानं पोहे खाल्ले. तिखट झाले होते, तरी सगळे खाल्ले.

परतीच्या एसटीत बायको माझ्या शेजारी बसली आणि भूमच्या तिच्या मावशीपासून सुरुवात करून सगळ्यांना फोन करत राहिली. मध्येच फोन बाजूला धरून मला म्हणाली, "भटजीसारखं काम म्हणजे काय हो?" मी म्हणालो, चर्चचा पाद्री, आजीला कळावं म्हणून तसं सांगितलं. ती म्हणाली, बघा, जमतं की तुम्हालाही. मी म्हणालो, ते खोटं नव्हतं. ती पुन्हा फोनकडं वळली होती.

लग्न नळदुर्गलाच झालं, फेब्रुवारीत. आजी मांडवात फोटोग्राफरच्या शेजारी खुर्ची टाकून बसली होती. तो सगळ्यांना सांगत होता, नवरदेवाचा हार घातलेला एकट्याचा एक घेऊ द्या. आजी त्याला घेऊ देत नव्हती. हार घातलेला नवरदेव दिसला की ती कुणाला तरी त्याच्या शेजारी ढकलायची. नवरी नसेल तर काका, काका नसेल तर मी. त्यामुळं अख्ख्या अल्बममध्ये मेहुण्याचा हारातला एकट्याचा एकही फोटो नाही, आणि माझे मात्र फार आहेत.

मालिकेतला जमीनदार मे महिन्यात मेला. बायकोनं आणि मी तो भाग बघितला. मळ्यात झाडाखाली पडून त्यानं लांबलचक भाषण केलं, धाकटीचा हात हातात घेतला, शेवटचं "हे बघ" म्हणाला आणि डोळे मिटले. ओठ त्यानंतरही थोडे हलले, पण मेहुण्याकडं शब्द उरले नसावेत.

दुसऱ्या दिवशी मेहुण्यानं फोन करून सांगितलं, की भाग संपल्या संपल्या आजीचा फोन आला. तो पुण्यात मंडईत होता. तिनं विचारलं, कुठं हायस? त्यानं सांगितलं, आजी, भाजी घ्यायला आलोय. काय घेतलंस? दोडका. मागं मंडईचा आरडाओरडा तिला ऐकू जात असणार. मग म्हणाली, कवळा बघून घे, जून दोडका पोरीला आवडत न्हाय. आणि फोन ठेवून दिला.